तव्याच्या खोक्यातले रिमोट

च्याई गावच्या केबल कंपनीची भागधारक सभा म्हणजे तिथल्या आज्यांचा सणच. एकच शेअर घ्यायचा, तो जिवापाड जपायचा आणि जूनमध्ये सभेच्या दारात भेटवस्तू घेऊन घर गाठायचं. भाषण ऐकायला आत जातंय कोण? यंदाही भेट होती तवा, आणि वाटपाची जबाबदारी यून-शीच्या बाबांवर. गेल्या वर्षी ज्यांचे तवे कमी पडले, ते साहेब आता उन्हातान्हात केबलचे खांब तपासत फिरतात. म्हणून बाबांनी लेकीला शाळा बुडवून मदतीला आणलं होतं.

यून-शीनं पहिलं खोकं उघडलं. वर तव्याचं झकास चित्र, आत रिमोटच रिमोट.

"बाबा, यंदाच्या तव्यांना बटणं आहेत."

बाबांचा चेहरा टोफूसारखा पांढरा पडला. लोक केबल बंद करून मोबाइलवर बघायला लागले होते. परत आलेले रिमोट गोदामात मावेनात, आणि नव्या खोक्यांना कंपनीकडे पैसे कुठले? बाबांनीच काटकसर करून ते गेल्या वर्षीच्या तव्यांच्या खोक्यांत भरायला लावले होते. ट्रकवाल्यानं चित्र बघितलं आणि तीच खोकी उचलून आणली.

तोवर रांगेतल्या पहिल्या श्यू मावशींनी हात घालून रिमोट काढलाही. "काय गं पोरी, यावर अंडं कसं तळायचं?"

आत अध्यक्ष त्साय माइकवर सांगत होते, "उत्पन्न घटलं, ग्राहक घटले..."

"आणि तवे पळाले," बाहेरून कोणीतरी ओरडलं. रांग हलली, वाकडी झाली, दारावर आली. बाबांना समोर खांब दिसायला लागले.

यून-शी खुर्चीवर चढली. "आज्यांनो, तवे उद्या घरपोच येतील. रिमोट वरकड, तोही फुकट. त्याचा टीव्हीला जोडायचा केबलचा डबा हवा असेल त्यांनी इकडं या. पहिला महिना पैसे नाहीत."

हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. पण 'फुकट' ऐकल्यावर विचारणार कोण?

"रिमोट घरात आणि डबा नाही, बरं दिसतं का ते?" म्हणत श्यू मावशी पुढं सरसावल्या. त्यांच्यामागून सगळी रांग.

तवे दुसऱ्या दिवशी खरंच घरोघर पोचले. महिना संपला तरी डबा परत द्यायला कुणी आलं नाही. त्यासाठी पुन्हा रांग लावावी लागते ना. कित्येक वर्षांनी ग्राहक वाढले. अध्यक्ष स्वतः अननसाचे केक घेऊन घरी आले.

"तुमचे उपकार आहेत, काव," ते बाबांना म्हणाले. "आपल्या चॅनलवर आता हीच बातमी आहे. लावा की टीव्ही."

बाबांनी घरची केबल केव्हाच काढून टाकली होती. यून-शी उगाचच चहा ओतत राहिली, कप भरून वाहिला तरी.

तेवढ्यात कोपऱ्यातून आमा, म्हणजे बाबांची आई, उठली. उशीखालून रिमोट काढून तिनं बटण दाबलं. टीव्ही लागला.

"बघ की," ती बाबांना हळूच म्हणाली, "मी पण रांगेत होतेच. तुम्ही कामाला गेलात की नाटकं बघते."

बाबांनी रिमोटकडे पाहिलं. मागं यून-शीनं लहानपणी चिकटवलेला ससा होता. त्यांनीच परत केलेला रिमोट फिरून घरी आला होता.

बाबांनी सगळ्यात मोठा केक आमाच्या बशीत ठेवला.