रुपरावजींचा घरमालक

शुक्रतारा नाट्यमंडळाच्या तालमी गांधीबागेच्या बाजारात, रुपरावजींच्या कापडाच्या गोदामात होत. भाडं नव्हतं. त्याऐवजी दर नाटकात रुपरावजींना एक भूमिका द्यायची आणि त्यांना अभिनय येत नाही हे सगळ्यांनी मिळून विसरायचं, असा मंडळाचा रिवाज होता.

एकाहत्तर सालच्या दसऱ्याआधी मात्र रुपरावजींनी सांगून टाकलं, "आता जमत नाही बा. नाटक झालं का गोदाम खाली करा. माल कोठी ठेवू मी?"

दिग्दर्शक मधुसूदनची झोप उडाली. फुकटात दुसरी जागा कोण देणार? रुपरावजींना खूश करावं म्हणून त्याने त्यांना चांगली मोठी भूमिका दिली. लेकुरवाळ्या विधवा भाडेकरणीला घराबाहेर काढणारा निर्दय घरमालक! वाक्यं थोडी, रुबाब भरपूर.

प्रयोगाला गांधीबागेतले व्यापारी सहकुटुंब आले होते. पहिल्या अंकाच्या शेवटी विधवेचं काम करणारी पुष्पलता घरमालकाच्या पायांवर कोसळून अशी काही रडली, की तालमीत ती कधी तशी रडली नव्हती. रुपरावजी बघतच राहिले. पुढच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "काहून काढून राहिला गा तिले? लाज नाही वाटत?"

विंगेतून मधुसूदन कुजबुजला, "'चालती हो' म्हणा!"

रुपरावजींनी डोळे पुसले. "राहा वं बाई," ते म्हणाले, "जन्मभर राहा. कोण काढते तुले, मी पाहतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुष्पलता गांगरली. पुढचे दोन अंक धर्मशाळेत होते, पडदासुद्धा रंगवून तयार होता. तिने बोचकं उचललं. "नाही, मी जाते!"

"कोठी जाते लेकरं घेऊन?" रुपरावजींनी बोचकं हिसकावून घेतलं. तिला धर्मशाळेत न्यायला आलेल्या नाटकातल्या भावालाही त्यांनी हाकलून दिलं. शेवटी पडदा पाडावा लागला आणि प्रेक्षक समाधानाने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मधुसूदन मंडळाचं सामान बंडीवर चढवू लागला. तेवढ्यात शेजारचे दुकानदार जमले. "काहो रुपरावजी, काल त बाईले जन्मभर राहू देलं, आन आज ह्याईले काढून राहिले?"

सकाळपासून बाजारात मिळणारे नमस्कार रुपरावजींना फार गोड लागत होते. ते हमालावर खेकसले, "उतरव गा सामान!" मग मधुसूदनला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पण घरमालकाचं काम आता मीच करीन. दरसाल."

मंडळाचं घर वाचलं. पुढे दर नाटकात घरमालक आला, आणि दर वेळी पहिल्याच अंकात त्याचं मन द्रवलं. शुक्रतारा मंडळ आता फक्त एकांकिका करतं.