साळवे आणि मोटारीचं दार

उभी मोटार दिसली की आमचे साळवे सायकलवरून उतरतात. काचेवर टकटक करतात आणि आत कोणी असो-नसो, ओरडतात, "दार उघडू नका! मागनं माणूस येतोय!" मग सायकल हातात धरून मोटारीच्या पुढे जातात आणि पुन्हा टांग मारतात. भोसरीतल्या आमच्या खोल्यांपासून कंपनीपर्यंत तीन-चार मोटारी तरी उभ्या असतात. साळव्यांबरोबर निघालं की भोंगा हुकलाच म्हणून समजा.

एकदा त्यांनी एका रिकाम्या मोटारीला चांगलं झापलं. मी म्हटलं, "राव, आत कुणी न्हाई."

"बरं हाय की. मधी बोललं तरी न्हाई कुणी."

दुसरी खोड म्हणजे चूक कबूल करायची नाही. मशीनवर घडवलेला जॉब वाकडा निघाला, तर मशीनचा दोष. गर्दीत तुमच्या पायावर पाय दिला, तर "तुमी पाय मधी ठिवला." कंपनीत मेमो आला की आम्ही सगळे 'चूक झाली, पुन्हा होणार नाही' असं लिहून सही ठोकतो आणि चहाला जातो. साळवे आठ दिवस घरी बसले, पण लिहून दिलं नाही. सुपरवायझर मला म्हणाला, "तुमच्या दोस्ताचा हात काय सोन्याचा आहे?" मी माझ्या मशीनकडे वळलो. तो हात कशानं अडतो ते मला माहीत होतं, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वी शांतावहिनींना कॅरिअरवर बसवून साळवे निगडीला निघाले होते. कडेला उभ्या मोटारीतल्या एका साहेबानं मागं न बघता धाडकन दार उघडलं. दार हँडलला बसलं, दोघं रस्त्यावर. साळव्यांना नुसतं खरचटलं. वहिनींचा उजवा खांदा गेला.

साहेब दवाखान्यापर्यंत आला, एवढे त्याचे उपकार. बातमी कळून मीही तिथं पोचलो होतो. त्यानं साळव्यांच्या नावानं लिहिलेला कागद पुढे केला. 'माझं लक्ष नव्हतं, चूक माझी.' म्हणाला, "नुसती पद्धत असते." पुढ्यात साहेब, हातात कागद, आत बायको कण्हतेय. आम्ही सगळे मेमोवर करतो तशी साळव्यांनी सही केली. आणि पेन कुणी दिलं? मी!

पुढे वकील कपाळाला हात लावून म्हणाले, "दार उघडणाऱ्यानं मागं बघायचंच असतं. कायदा तुमच्या बाजूनं होता. भरपाई मिळाली असती. पण हे काय लिहून दिलंत?" कोर्टात तोच कागद वाचला गेला आणि दावा फेटाळला. बाई कण्हत असताना नवऱ्याकडून चूक लिहून घेतो, त्याला साहेब म्हणायचं? आणि त्याला आपलं पेन देणाऱ्याला काय म्हणायचं?

परवा रविवारी सकाळी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो. साळवे वहिनींच्या मागे बसून त्यांची वेणी घालत होते. वहिनींचा हात आता डोक्यापर्यंत जात नाही. साळव्यांच्या तोंडात आकडे होते, कपाळावर घाम होता. वहिनींनी आरसा धरला.

"अवं, भांग वाकडा काढला की."

आता "डोकं तूच हलवलं" असं ऐकायला मिळणार म्हणून मी दारातच थांबलो. साळव्यांनी तोंडातले आकडे काढून हातात घेतले.

"चूक माझीच," ते म्हणाले, आणि घातलेली वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घालू लागले.