दौलतमास्तरांचा जनानी फुटबॉल

दौलतमास्तर माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. गावातली अर्धी माणसं त्यांना चेहऱ्यानं ओळखू येत नसत. पण शंभर पावलांवरून नुसती चाल बघून येतोय तो कोण, हे ते सांगत. एकदा तहसीलदारसाहेब बूट न घालता, साध्या वहाणांत बाजारात आले. मास्तरांनी त्यांना विचारलं, "तुमी कोनाकडचे पाव्हने?" साहेबांनी आपण कोण ते सांगितलं. मास्तर म्हणाले, "बूट घालून येत जा ना बाप्पा. मानूस वळखू येत नाई."

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधी मी मंगरूळपीरच्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी हे गृहस्थ आमच्या शाळेच्या ओट्यापाशी आले. मुलांच्या शाळेचे ड्रिलमास्तर. खाकी अर्धी विजार, वर काळा कोट आणि डोक्याला फेटा. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या चपलांना नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, तुमचा उजवा पाय बाहेर पडते. पन चालते. राइट आउटले, म्हंजे उजव्या कडेनं खेळनाऱ्याले, चालते."

मी अमरावतीहून आले होते, विधवा होते, आणि माझ्या पायांविषयी तोवर कुणाही पुरुषानं मत दिलेलं नव्हतं. रागवावं असं मी ठरवत होते, तोपर्यंत ते आमच्या शिपायाच्या पायांकडे वळले होते.

मास्तरांना जगात एकच विषय होता. गड्यांचा फुटबॉल आणि बायांचा फुटबॉल, यांतला फरक. पहिल्याला ते 'मर्दानी' म्हणत, दुसऱ्याला 'जनानी'. त्या काळी मंगरूळपीरला मर्दानी फुटबॉल एवढासा होता आणि जनानी अजिबात नव्हता. त्यानं मास्तरांचं काही अडत नसे.

"गडी बॉल घेते," ते सांगत, "अन् मंग पाह्यते का आपल्याले कोन पाहून राह्यलं. बाई बॉल घेते अन् पाह्यते का कोनाले देऊ. झाला का नाई फरक?"

"पण जोर?" कुणीतरी विचारीच.

"जोर गड्याचा जादा, कबूल. जोर बैलातबी असते. बैल कुठं गोल करते?"

हा फरक त्यांना सगळीकडे दिसे. एका लग्नाच्या पंगतीत बुंदीचं ताट घेतलेला वाढपी एकाच टोकाला रेंगाळत होता. मास्तर पानावरून मोठ्यानं म्हणाले, "हे मर्दानी झालं. हातात आली का सोडतच नाई." विहिरीवर बाया एकीच्या हातून दुसरीच्या हाती घागरी देत, ते बघत ते वाटेत उभे राहत. त्यावरून एकदा जरा बोलाचाली झाली. ते घागरींकडे बघत होते, हे पटवायला दोन प्रतिष्ठित माणसं मध्ये पडावी लागली.

हे ज्ञान त्यांनी कुठून आणलं, हा गावाचा प्रश्न होता. मास्तरांचं उत्तर ठरलेलं: "विलायतेत पायलं." पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या पलटणीत होते. फ्रान्सात पाय मोडला आणि इलाजासाठी त्यांना विलायतेला नेलं. तिथं एका दुपारी दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या पोरींचा सामना त्यांनी कुबडीवर उभं राहून पाहिला होता. हजारो माणसं जमली होती म्हणे. लढाई संपल्यावर मात्र तिकडच्या मोठ्या लोकांनी, बायांना हा खेळ शोभत नाही म्हणून, त्यांना चांगली मैदानं बंद केली. ही बातमी मास्तरांना तीन वर्षांनी, गुळाच्या ढेपेभोवतीच्या कागदावर वाचायला मिळाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मंगरूळपीरला एक माणूस आपल्यावर रागावून उपाशी राहिला, हे विलायतेत कळलं की नाही, कोण जाणे.

मला मात्र एक गोष्ट खटके. मास्तर सांगत, "लुगड्याचा काष्टा घट असला तं बाईचा पाय गड्याएवढाच लांब जाते. थकली का डाव्या पायानं मारते." मी एकदा विचारलं, "मास्तर, विलायतेतल्या बायका लुगडं नेसतात का हो?" मास्तरांनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि ते निघून गेले. मला वाटलं, थापा मारतात.

दुसऱ्या वर्षी ते ओट्यापाशी आले ते बगलेत चामड्याचा बॉल घेऊन.

"बाई, तुमच्या पोरी द्या."

"कशाला?"

"शुक्रवारी. एक तास."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पाचवीतली यमुना माझ्या मागून बॉलकडे अशी बघत होती की मी म्हटलं, कमिटीला विचारते. यमुनेचं लग्न झालेलं होतं. सासरी जायचं बाकी होतं. वर्गात ती बसल्या जागी पाय हलवत असे आणि त्याबद्दल मी तिला दोनदा छड्या मारल्या होत्या.

शाळा कमिटीचे चेअरमन आप्पासाहेब यांना विचारावं लागलं. आप्पासाहेब मोठे जमीनदार, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "मास्तर, मैना-दोन मैने शिकवा. मंग एक डाव आमाले दाखवा. पन अट हाये. डावात कोनी रडलं, तं त्याच दिवशी बॉल बंद."

"आप्पासाहेब, पोट्टे तं दर डावाले रडते," मास्तर म्हणाले. "त्याइचा बॉल काहून बंद करत नाई?"

"ते पोट्टे हाये."

मास्तरांनी हे 'मर्दानी'च्या बाजूला जमा केलं आणि कामाला लागले.

दोन महिने दर शुक्रवारी शाळेमागच्या पडीत चौदा मुली खेळल्या. गोलाच्या खुणेला कडब्याच्या पेंढ्या. मास्तर मुलींना पायांवरूनच हाका मारत: "ओ पैंजन, इकडे पास दे! ओ भेगाळी, पुढं जा!" पहिल्या दिवशी चौदाही मुली बॉलमागे एकाच घोळक्यानं पळाल्या आणि घोळका शिपायाच्या झोपडीत शिरला. पण पाचव्या-सहाव्या शुक्रवारी मी ओट्यावर वह्या तपासत असताना मान वर केली, तर बॉल यमुनेकडून पैंजणवालीकडे, तिच्याकडून परत यमुनेकडे असा निघाला होता, आणि मी वही उलटी धरली होती.

डावाच्या दिवशी निम्मं गाव आलं. आप्पासाहेबांना खुर्ची होती. आणि डाव सुरू व्हायला थोडा वेळ असताना यमुनेचा सासरा दमणी जुंपून दारात उभा राहिला. मुहूर्त होता, सून आजच न्यायची होती. यमुना काष्टा सोडून दमणीत बसली. रडली नाही. अट पाळायची म्हणून की काय, देव जाणे.

एका बाजूला सात, दुसरीला सहा. लोक हसू लागले. आप्पासाहेब म्हणाले, "मास्तर, राहू द्या मंग."

"दहा मिनिटं," मास्तर म्हणाले आणि घराकडे पळत सुटले. त्यांना पळताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. मोडलेला पाय मागे राहत होता.

ते परत आले ते बायकोला घेऊन. पार्वताबाईंना गावानं फारसं पाहिलेलं नव्हतं. मूलबाळ नाही म्हणून हळदीकुंकवाला, बारशाला त्यांना कुणी बोलवत नसे आणि त्याही येत नसत. चाळिशीची बाई. तिनं आप्पासाहेबांच्या समोर पदर कमरेला खोचला, काष्टा ओढून घट्ट केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाई, कोनती बाजू?"

मी सहा मुलींच्या बाजूकडे बोट दाखवलं.

त्या पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन मी बऱ्याच जणांना केलं आहे आणि ते कुणाला खरं वाटलेलं नाही. पार्वताबाई पळत नसत, चालत. पण बॉल जिथं येणार तिथं आधीच असत. पोरींच्या मधून बॉल असा नेत की जणू तो त्यांच्या पायाला सांगून चालला होता, आणि मग स्वतः न मारता सगळ्यांत लहान पोरीपुढे ठेवत. एका मुलीच्या नाकावर बॉल बसला, रक्त आलं. ती चेअरमनांकडे बघून दात काढून हसली. मध्येच एका गाईनं डावीकडचा गोल खायला घेतला, म्हणून थोडा वेळ डाव थांबला. अगदी शेवटी सगळ्या पोरी थकल्यावर पार्वताबाईंनी लांबून, डाव्या पायानं, एकच बॉल मारला. उरलेल्या दोन पेंढ्यांमधून तो सरळ पलीकडच्या तुरीत गेला.

कुणी ओरडलं नाही. त्या शांततेत हुंदका ऐकू आला. मास्तर फेट्याच्या शेवात तोंड खुपसून रडत होते.

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "अट पोरीइची होती. डिरिलमास्तराचं तिच्यात काई बोलनं नव्हतं." आणि छत्री उचलून घरी गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते. खेळ चालला, पण वाढला भलत्याच रीतीनं. मुलगी जरा खेळू लागली की सासरी जाई. मास्तर प्रत्येक वरातीच्या मागे तोंड पाडून चालत. मग जऊळक्याहून निरोप आला. यमुनेचा नवरा तिथं स्टेशनावर हमाल होता आणि यमुनेनं मालधक्क्यामागे जावा-नणंदांना चिंध्यांच्या बॉलवर खेळायला लावलं होतं. वर्षभरानं शिरपूरहून तसंच काही कानावर आलं. मास्तर उजळून गेले. "गड्याइचा खेळ पलटनीतून पसरते, बाई. बायाइचा लग्नातून. मले हे सुचलंच नव्हतं!" पुढे लढाई पेटली, बॉलचं रबर मिळेनासं झालं आणि आमच्याकडेही चिंध्यांवर आलं.

पण मला सांगायचं आहे ते डावाच्या दुसऱ्या दिवसाचं. पार्वताबाईंचं जोडवं मैदानात पडलं होतं, ते द्यायला मी त्यांच्या घरी गेले. मास्तर शाळेत होते. घरामागं उंच मातीच्या भिंतीचं अंगण, आणि एका भिंतीचा लेप माणसाच्या उंचीएवढा झडलेला.

"आमाले लेकरू झालं नाई," पार्वताबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "सासू म्हने, दुसरी कर. हे पलटनीतून आलते तवा. हे उठले. अकोल्याले गेले अन् बॉल आनला. म्हने, चाल, आपन दोघं खेळू."

"किती दिवस?"

"वीस वर्सं होत आली. हे गोलात, मी बाहेर. रोज संध्याकाळी, दाराले कडी घालून." त्यांनी एक खडा वेचून टाकला. "पन एकदाबी मुद्दाम गोल सोडला नाई हं. त्यायचा सोभावच नाई तो."

"मग काल रडले ते?"

"गोलात उभ्या मानसाले बॉलच दिसते ना, बाई. मी खेळतो कशी, हे त्यायनं काल पह्यल्यांदा पायलं."

मी जोडवं त्यांच्या हातावर ठेवलं आणि उठले. दारापर्यंत आल्यावर त्या मागून म्हणाल्या, अगदी हळू, पुन्हा तांदळाकडे बघत:

"बाई, पुढच्या शुक्रवारी कोनी कमी पडन काय?"

यमुना गेल्यापासून तेरा होत्या, पण सोमवारीच शाळेत येणाऱ्या नव्या मुलीला धरून पुन्हा चौदा होणार होत्या. मला ते पक्कं ठाऊक होतं.

"पडेल," मी म्हटलं. "एक तरी पडेलच."

आणि मी त्या शाळेत होते तोवर, दर शुक्रवारी एक मुलगी खेळ सोडून वह्या मोजायला माझ्याजवळ ओट्यावर बसत असे. पाळीपाळीनं. त्यांतल्या एकीनंही कधी कुरकुर केली नाही.