कोर्बू तलावातला मका

डॅन्यूबकाठच्या आमच्या जिल्ह्यातून सहावीच्या भूगोल स्पर्धेत पहिला आलेला एकच विद्यार्थी बुखारेस्टला, देशपातळीवर जातो. यंदा आमच्या गावची इलिंका जाणार, यात कुणाला शंका नव्हती. तिच्या आईने प्रवासाची बॅगही भरून ठेवली होती.

प्रश्न आला, जिल्ह्यातला सर्वांत मोठा तलाव कोणता? आदर्श उत्तर होतं कोर्बू. इलिंकाने लिहिलं, 'कोर्बू तलाव आजोबांच्या तरुणपणी सरकारने उपसून कोरडा केला. आता तिथे आमचा मका असतो.' त्या प्रश्नाला तिला शून्य मिळालं आणि शहरातला राझ्वान पहिला आला. त्याने कोर्बूतल्या माशांची नावंही लिहिली होती.

निकालावर हरकत घेतल्याशिवाय परीक्षा संपली, असं आमच्याकडे कुणी मानत नाही. इलिंकाचे वडील त्रायान यांनी हरकत घेतली. परीक्षा समितीचे अध्यक्ष प्राध्यापक द्रागुलिन स्थळपाहणीला आले. पाहणी तलावाची असल्यामुळे नियमाप्रमाणे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आले आणि मक्याच्या वाळक्या धाटांत उभे राहिले. धूळ उडत होती म्हणून तोंडावर रुमाल धरून त्यांनी सहायकाला सांगितलं, "लिहा, पाण्याची पातळी समाधानकारक."

"सर, पण पाणी कुठंय?" इलिंकाने विचारलं.

"बाळ, आदर्श उत्तरांत मका नाहीये," द्रागुलिन मायेने म्हणाले. "उद्या जो तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहायला लागला, तर आम्ही पेपर तपासायचे कसे?"

हरकत फेटाळली गेली. मात्र तलाव असल्याचं आता सरकारदरबारी नव्याने सिद्ध झालं होतं. त्यामुळे तलावात ट्रॅक्टर घातल्याबद्दल त्रायानना नोटीस आली. त्यांनी मुकाट्याने मासेमारीचा परवाना काढला. हल्ली ते त्या परवान्यावर नांगरतात आणि मका 'गोड्या पाण्यातले मासे' म्हणून बाजार समितीत घालतात. समितीची काहीच तक्रार नाही.

आईने भरलेली बॅग इलिंकाने स्वतःच रिकामी केली. पोरीचं आम्हाला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. सातवीची स्पर्धा जवळ आली तेव्हा एका संध्याकाळी ती आम्ही बसलो होतो त्या बाकाशी येऊन उभी राहिली.

"खरं सांगा, तोच प्रश्न परत आला तर काय लिहू?"

तुमची मुलगी असती, तर तुम्ही काय सांगितलं असतं? आम्हीही तेच सांगितलं.