दाढ आणि बारावा पडदा

दातांच्या डॉक्टरांनी गाण्याच्या बाईंच्या हिरडीत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, "दहा मिनिटं शांत पडून राहा" म्हणून सांगितलं, हातमोजे काढले आणि एक्स-रे मशीनमागे ठेवलेली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन ते स्टुलावर बसले. इतर डॉक्टर एवढ्या वेळात दुसरा पेशंट तपासून घेतात. पण इतर डॉक्टरांना संध्याकाळी सात वाजता स्टेजवर सोलो वाजवायचा नसतो.

गावातल्या चार डॉक्टरांचा एक बँड होता. हाडांचे डॉक्टर गायचे, कातडीचे डॉक्टर ड्रम बडवायचे, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बेस वाजवायच्या आणि दातांचे डॉक्टर गिटार. आज डॉक्टरांच्या संघटनेच्या वार्षिक संमेलनात त्यांचा कार्यक्रम होता. प्रेक्षकही डॉक्टरच असल्यामुळे कुणाला काही झालं तर उपचारांची सोय जागेवर होती.

अडचण गिटारची होती. मोकळी तार छेडली की ती सुरात वाजायची. पण बोटं दांडीवरच्या पडद्यांवरून, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवरून, वर सरकू लागली की सूर चढत जायचा, आणि बाराव्या पडद्यावर, जिथे मोकळ्या तारेचाच वरचा सूर मिळायला हवा, तिथे तो जिना ओलांडून गच्चीत पोचलेला असायचा. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी जाड तारा बसवल्या होत्या. तारा जाड झाल्या की वाजवणारा आपोआप वजनदार होतो, अशी त्यांची समजूत. तेव्हापासून हे सुरू होतं.

"चार वाजता तालीम," कातडीच्या डॉक्टरांनी काल फोनवर बजावलं होतं. "वरच्या पट्टीत परत केकाटली ना, तर सोलो रद्द. तू नुसता उभा राहा आणि मान हलव."

हा घाव वर्मी बसला होता. डॉक्टरांनी लगेच एक व्हिडिओ पाहिला. प्रत्येक तार शेवटी एका छोट्या ठोकळ्यावर टेकते, त्याच्यामागचा स्क्रू फिरवून ठोकळा मागे-पुढे केला की तारेची लांबी बदलते आणि बारावा पडदा ताळ्यावर येतो. व्हिडिओतल्या माणसाने सहा तारांचं काम वीस मिनिटांत केलं होतं. तो काही शिकलेला डॉक्टर नव्हता, तेव्हा आपल्याला दहा मिनिटं पुष्कळ, असा हिशोब डॉक्टरांनी केला.

छोटा अँप्लिफायर सुरू करून त्यांनी फोनवरचा ट्यूनर उघडला. ट्यूनरने गिटारकडे साफ दुर्लक्ष केलं, दवाखान्याच्या कॉम्प्रेसरची घरघर ऐकली आणि ती उत्तम सुरात असल्याचा हिरवा दिवा दाखवला. आता उरले डॉक्टरांचे स्वतःचे कान. पंधरा वर्षं ड्रिलच्या शेजारी बसून त्या कानांचा उपयोग चष्मा टेकवण्यापुरताच राहिला होता.

डॉक्टरांनी दृढ विश्वासाने एक स्क्रू फिरवला आणि बारावा पडदा दाबून तार छेडली.

"आंऽऽऽ!" खुर्चीतून आवाज आला.

डॉक्टर दचकले. "दुखतंय?"

बाईंच्या तोंडात कापसाचे दोन बोळे होते. त्यांनी जोरजोरात मान हलवली, गिटारकडे बोट दाखवलं आणि तेच बोट छताकडे नेलं. बाईंनी तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं होतं. चार दिवस त्यांनी दाढेची कळ निमूट सोसली होती, पण सोसण्यालाही मर्यादा असते.

"चढा लागतोय?"

बाईंनी मान डोलावली. डॉक्टरांचा चेहरा उजळला. ज्याच्या शोधात ते वर्षभर होते तो कान त्यांच्याच खुर्चीत आडवा पडला होता, आणि अजून आठ मिनिटं तरी त्याला उठून जाता येणार नव्हतं.

"बाई, फक्त हाताने सांगा हं. बोट वर म्हणजे चढा, खाली म्हणजे उतरलेला."

काम सुरू झालं. स्क्रू फिरवला की मोकळी तार बेसूर व्हायची, ती परत जुळवली की बारावा पडदा तपासायचा, तो चुकला की पुन्हा स्क्रू. बाईंचं बोट वर, पुन्हा वर, जरा खाली. पहिल्या तारेलाच बारा मिनिटं लागली. दारावर टकटक झाली.

"डॉक्टर, किती वेळ अजून?" रिसेप्शनवरच्या ताईंनी बाहेरूनच विचारलं. "आजोबा कवळीसाठी कधीचे बसलेत. आणि ते गाल सुजलेले वाणीही आलेत."

"बसू दे. जरा अवघड केस आहे!"

बाहेर बसलेल्यांना दरवाजाआडचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"बाई, आता मी जोर लावून ओढतोय!" आतून डॉक्टरांचा आवाज आला. मग काहीतरी कर्कश्श किंचाळलं, पाठोपाठ बाईंचं "आंऽऽ!" आणि मग टण्ण!

"तुटली! तुटली!" डॉक्टर ओरडले. "काही हरकत नाही, माझ्याकडे दुसरी आहे. तीच बसवू!"

वाण्यांनी गालावरचा हात काढला, गाल चाचपून पाहिला. "सूज उतरल्यासारखी वाटतेय," ते ताईंना म्हणाले आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडले. आजोबांच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणजे गमावण्यासारखं काही नव्हतं. तरी तेही उठले.

"आजोबा, तुमची कवळी तयार आहे हो!"

"राहू दे. मला खिमट आवडतं."

आत तिसऱ्या तारेशी झुंज चालली होती. बाईंनी एव्हाना कापसाचे बोळे काढून ट्रेमध्ये ठेवले होते आणि खुर्ची सरळ करून घेतली होती.

"घाई कशाला करता?" त्या अर्ध्या ओठाने म्हणाल्या. "आधी ऐका. मोकळी छेडा. आता बारावा. दोन्हीत काय फरक आहे?"

"मला तर सारखंच वाटतंय."

"वाटणारच! डोळे मिटा. परत."

डॉक्टरांनी डोळे मिटले. दहाव्या-बाराव्या वेळी त्यांना काहीतरी जाणवलं. दोन सुरांमध्ये एक बारीकशी थरथर होती, आणि स्क्रू किंचित मागे घेतल्यावर ती विरून गेली.

"बाई! कळलं! थांबलं ते!"

"हं. आता चौथी. आणि डॉक्टर, माझी दाढ परत दुखायला लागलीय."

डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं. त्याचा अंमल चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या तारेवर खर्च झाला. दीड तासाने डॉक्टरांनी खालपासून वरपर्यंत सगळे सूर वाजवले, बाईंनी डोळे मिटून ऐकले आणि एकदाही बोट हललं नाही. मग तिसरं इंजेक्शन देऊन डॉक्टरांनी चार मिनिटांत दाढ काढली. त्या दिवशी दवाखान्यात झालेलं दाताचं काम एवढंच.

चार वाजता डॉक्टर छाती काढून तालमीला गेले. हाडांच्या डॉक्टरांनी गाणं उचललं, सोलो आला, डॉक्टरांची बोटं बाराव्या पडद्याच्याही वर गेली आणि प्रत्येक सूर जागच्या जागी लागला. पुढची ओळ हाडांच्या डॉक्टरांनी वरच्या पट्टीत घेतली आणि सगळे थांबले.

"काय केलंस रे गिटारला?" हाडांचे डॉक्टर म्हणाले. "वर्षभर वाजत होती त्याहून वाईट!"

"अरे, दुरुस्त केलीय. आता सुरात आहे."

"मग मी बेसूर आहे का?"

डॉक्टरांना उत्तर माहीत होतं. आजच सकाळी त्यांना ऐकायला यायला लागलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी वर्षभर याच गिटारवरून सूर उचलला होता. तिच्याबरोबर ते जिना चढले होते, आणि गिटार खाली उतरली तरी ते गच्चीतच उभे होते.

"तू जरासा... चढा लागतोयस," डॉक्टर चाचरत म्हणाले.

हाडांचे डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष होते आणि हॉल त्यांनीच मिळवला होता.

"मतं घेऊ," कातडीचे डॉक्टर म्हणाले.

तीन विरुद्ध एक मतांनी गिटार बेसूर ठरली.

"केकाटली तरी चालेल, तू आधी होती तशी कर ना," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई समजुतीने म्हणाल्या. "आम्हाला तीच सवय आहे. नाहीतर मग सोलो..."

डॉक्टरांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. सुरात आणायला दीड तास आणि तीन इंजेक्शनं लागली होती. बिघडवायला पाच मिनिटं पुरली.

संध्याकाळी कार्यक्रम जोरात झाला. सोलोला शिट्ट्या पडल्या, दोन बालरोगतज्ज्ञ खुर्चीवर उभे राहून नाचले. हॉलमध्ये कुणालाही काही खटकलं नाही. स्टेजवरच्या एका माणसाला मात्र प्रत्येक सुरामागची थरथर ऐकू येत होती, आणि गाणं नऊ मिनिटांचं होतं.

"बघ!" घामाघूम झालेल्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "आता कशी सुरात वाजली! उगाच हात लावू नकोस तिला परत."

"नाही लावत," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि फोटोसाठी सगळे दात दिसतील असे हसले.