परवान्याचा बिल्ला

बायको नोरीन गेल्यापासून लेलंड स्ट्राउड सकाळी डार्लाच्या हॉटेलात नाश्ता करी. तिथे त्याच्याशी एकच वाक्य बोललं जाई, "अंडी नेहमीसारखीच ना?" उत्तरही तो मानेनंच देई. रविवारपर्यंत आपला आवाज शाबूत आहे की नाही, हे त्याला खोकून पाहावं लागे.

बिल्ला घेतला तो मात्र सरळ मनाने. छुपं पिस्तूल बाळगायचा परवाना त्याच्याकडे होता. बंदुकांचा दुकानदार म्हणाला, "काका, जाकीट सरकलं, पिस्तूल दिसलं, की लोक घाबरतात. हा पट्ट्याला लावा. कळू दे, माणूस कायद्याचा आहे." पितळी बिल्ला, मधोमध गरुड, थेट पोलिसाचा वाटावा असा. 'परवानाधारक' हा शब्द गरुडाच्या पायाशी, मुंगीलाही चष्मा लागावा इतका बारीक. पिस्तूल कमरेत रुतायला लागलं, म्हणून ते लवकरच नोरीनच्या विणकामाच्या टोपलीत गेलं. बिल्ला तेवढा पट्ट्यावर राहिला.

दुसऱ्याच सकाळी डार्ला कॉफीचं भांडं घेऊन चक्क समोर बसली.

"अहो साहेब, कधी बोलला नाहीत! माझ्या शेजाऱ्याचं कुत्रं केकाटून जीव खातंय. बघा ना काहीतरी."

'मी साहेब नाही' हे लेलंडच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण नोरीननंतर त्याच्यासमोर कुणी बसलंच नव्हतं. तो म्हणाला, "कुत्र्याचं नाव काय?"

झालं! साहेबांनी चौकशी केली म्हटल्यावर शेजाऱ्याने कुत्रं घरात घेतलं. मग गॅरेजवाला रॉय आला. त्याच्या जावयाने गवत कापायचं यंत्र लंपास केलं होतं. लेलंड नुसतं "बघतो" म्हणाला आणि संध्याकाळी यंत्र रॉयच्या अंगणात! त्यानंतर लोक त्याला घरी बोलवायला लागले. तो जाई, ऐकून घेई आणि "बघतो" म्हणे. इतकं सुख त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

अखेर खरा पोलीस आला, शेरीफचा डेप्युटी.

"काका, पोलीस असल्याची बतावणी करणं गुन्हा आहे."

लेलंड घाबरला तो तुरुंगाला नाही. उद्यापासून पुन्हा नुसती अंडी, या विचाराला.

"तक्रार कुणी केली?"

"बर्निस टकरबाईंनी. म्हणतात, साहेब गावभर जातात, माझ्या दारातली टपालपेटी कुणीतरी झोडपून वाकवली तिकडे मात्र फिरकत नाहीत. पिस्तूल कुठंय?"

"विणकामाच्या टोपलीत."

डेप्युटीने महत्प्रयासाने हसू गिळलं. "बिल्ला इकडे द्या. आणि बाईंना खरं काय ते स्वतः जाऊन सांगा. मग मी तुम्हाला पाहिलंच नाही."

बर्निसबाईंनी दार उघडलं. केस नीट बसवलेले, ओठांवर लाली, आतून ताज्या ॲपल पायचा वास.

"साहेब! आणि बिल्ला?"

"काढून घेतला. मी साहेब नव्हतोच, बाई. मी कुणीच नाही."

बाईंनी त्याच्या रिकाम्या पट्ट्याकडे पाहिलं. आता दार लागणार हे लेलंडने ओळखलं. निदान काही बोलून निघावं म्हणून तो म्हणाला, "तुमची टपालपेटी मात्र धड दिसतेय."

"धडच आहे," बाई खाली बघत म्हणाल्या. "पण तक्रार नसली, तर माझ्याकडे येतंय कोण?"

लेलंडने पायपुसण्यावर बूट पुसले, जरा जास्तच वेळ, आणि आत गेला.