सुमन सिस्टरांचा पेशंट

आमच्या सोसायटीत रोज सकाळी सात वाजता कचऱ्याचा ताप मोजतात. मोजणाऱ्या तळमजल्यावरच्या सुमन सिस्टर. मूळच्या अलिबागजवळच्या थळ गावच्या. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली नर्स काही निवृत्त झाली नाही.

झालं असं, की अलिबागच्या एका कॉलेजातली पाच मुलंमुली आमच्याकडे आली. ओला कचरा वेगळा द्या, त्याचं खत करू, म्हणाली. मागच्या अंगणात विटांचा हौदही त्यांनीच बांधला. "नीट कुजायला लागलं, की आतून गरम होतं," एवढं त्यांच्यातली रुखसाना बोलली मात्र, सिस्टर घरातून थर्मामीटर घेऊन आल्या आणि हौदात खुपसला. एवढा ताप मोजायची त्या बिचाऱ्याची ऐपत नव्हती. तो कायमचा बंद पडला.

"एवढ्या तापात माणूस बरळतो," सिस्टर हौदाकडे कौतुकानं बघत म्हणाल्या. "ह्यो बघा कसा गप हाय!"

मुलांनी मग त्यांना लांब दांड्याचा थर्मामीटर आणून दिला. भिंतीवर तक्ता लागला. आणि आमचे हाल सुरू झाले.

"पाटील, बादली दाखवा."

"सिस्टर, सालंच आहेत."

"आणि ही दुधाची पिशवी? पेशंटच्या पोटात प्लॅस्टिक घालता?"

एका पिशवीपायी मी तीन जिने परत चढलोय.

पुढे हौदाला वास येऊ लागला. सेक्रेटरी नाईकांनी मीटिंग बोलावली: हौद बुजवायचा, तिथे पार्किंग करायचं. मुलं कोपऱ्यात तोंडं पाडून उभी होती. सिस्टरांनी तयार खताची वाटी नाईकांच्या नाकाखाली धरली.

"घ्या वास."

नाईकांनी घाबरत घेतला. "मातीचा येतोय."

"मग घाण वास कशाचा? एका घरातनं कोलंबीची सालं पिशवीला गाठ मारून येतात, त्याचा. नाव घेणार न्हाय. पेशंटच्या नातेवाइकांची बदनामी करायची नसते."

नाईकवहिनींनी घाईघाईनं पदर सारखा केला. हौद वाचला.

मुलांची परीक्षा आली. त्यांचं दर रविवारी हौद बघायला येणं थांबलं. त्याच सुमारास दर रविवारी दुपारी सिस्टर घरोघर घावणे वाटू लागल्या. "आज जरा जास्त झाले," म्हणायच्या. चार रविवार आम्ही मिटक्या मारत खाल्ले. पाचव्या रविवारी सकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. टेबलावर सहा ताटल्या मांडलेल्या.

"पाहुणे येणार आहेत?"

"न्हाय हो." त्या तव्याकडेच बघत होत्या. "पोरं काम झाल्यावर इथंच खायची. परीक्षा कधी संपते, मला काय म्हायती? आली आणि उपाशी गेली, असं नको."

मी वर येऊन रुखसानाला फोन लावला. परीक्षा आठवड्यापूर्वीच संपली होती. "इतके रविवार आलो नाही, सिस्टर ओरडतील म्हणून यायला भीती वाटतेय, काका," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी पाचही जणं दारात हजर. सिस्टरांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"साडेनऊ! ही यायची वेळ हाय? बघताय काय, हात धुवा. साबणानं!"

ओरडणं वरच्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

त्या दिवशी आमच्याकडे घावणे आले नाहीत.